ऋतुपालटातील नेत्रविकार आणि शाळेतील दृष्टितपासणी

फाल्गुन सरत आला, की जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी व आसपासच्या खेड्यांत गहू-हरभऱ्याची मळणी सुरू होते. मळणीयंत्रातून उडणारा भुसा, काळ्या रानातील धूळ आणि दुपारचा कोरडा वारा ही तिन्ही एकाच वेळी गावात शिरतात. त्याच सुमारास प्राथमिक शाळेच्या वर्गांतून डोळे चोळणारी मुले दिसू लागतात. पुढे आषाढ-श्रावणात पावसाळी दमट हवेत पुन्हा एकदा लाल डोळ्यांची लाट येते. घरी विचारावे, तर "ऋतू बदलला, दरवर्षीचेच आहे" असे उत्तर मिळते, आणि शाळेतही तेच मत प्रचलित असते.

हे म्हणणे पुष्कळ वेळा खरेही असते. तथापि या समजुतीमुळे दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली अशी, की प्रत्येक लाल डोळ्याचे कारण एक नसते. एका विकारावरचा उपाय दुसऱ्यात अपायकारक ठरतो. दुसरी अशी, की डोळ्यांची लाली ओसरली म्हणजे डोळा बरा झाला असे मानले जाते आणि त्या मुलाला दिसते किती, हे कोणी पाहतच नाही. डोळ्यांची लाली सर्वांना दिसते. दृष्टीचा मंदपणा मात्र मोजल्यावाचून कळत नाही. म्हणून ऋतुपालटातील हा त्रास शाळेने दृष्टितपासणीचे निमित्त मानावा, हे या लेखाचे सांगणे आहे.

खाज सुटणारे डोळे

पापण्यांच्या आतील बाजूस आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असते. त्यास नेत्रश्लेष्मला म्हणतात. काही मुलांच्या शरीराला परागकण, धूळ, भुसा यांसारखे निरुपद्रवी कणही शत्रूसारखे वाटतात. असा कण या आवरणावर पडला, की तेथील पेशींतून हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. रक्तवाहिन्या फुगतात, डोळा लाल होतो, पाणी वाहते आणि अनावर खाज सुटते. यालाच ॲलर्जी म्हणतात. ती एकापासून दुसऱ्यास होत नाही.

आपल्या भागात अशा कणांची वाण नाही. उन्हाळ्याच्या तोंडी मळणीचा भुसा असतो, तर पावसाळ्यात बांधावर व रस्त्याकडेला माजणारे गाजरगवत फुलावर येते. हे परदेशी तण पुण्यात आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर ते देशभर पसरले. त्याचे पराग अनेकांना नाकाडोळ्यांचा त्रास देतात. शाळेच्या आवारातील गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच काढून टाकावे. मात्र हे काम मुलांकडून करवून घेऊ नये, कारण त्याच्या स्पर्शाने कातडीलाही खाज सुटते.

या ॲलर्जीचा एक तीव्र प्रकार साधारणपणे पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, त्यांतही मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळतो. वैद्यकात त्याला वसंत ऋतूवरून नाव पडले आहे. परंतु आपल्यासारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशात तो उन्हाळाभर आणि काही मुलांत वर्षभरही राहतो. खाज इतकी असते, की मूल मुठींनी डोळे चोळत बसते. डोळ्यांतून तारेसारखा चिकट स्राव येतो, पांढरा भाग मळकट तपकिरी दिसतो, आणि उजेडाकडे पाहवत नाही. वरची पापणी उलटून पाहिल्यास आत खडबडीत उंचवटे आढळतात. बहुतेक मुलांत हा विकार वयात येताना शमतो. पण तोवरच्या काळात सतत चोळल्यामुळे बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येण्याचा धोका असतो. मग साध्या चष्म्यानेही नीट दिसत नाही. यास्तव "चोळू नको" हे सांगणे उपचाराचाच एक भाग होय. स्वच्छ थंड पाण्याने डोळे धुणे आणि ओल्या स्वच्छ फडक्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवणे, यांनी खाज पुष्कळ कमी होते.

साथीने येणारे डोळे

ज्याला आपण 'डोळे येणे' म्हणतो, तो बहुधा विषाणूंचा संसर्ग असतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत महाराष्ट्रात या विकाराची मोठी साथ येऊन गेली. प्रारंभी आळंदीच्या शाळकरी मुलांत अनेक रुग्ण आढळले, आणि पुढे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात राज्यातील सर्वाधिक रुग्णांची नोंद झाली. असल्या साथी नव्या नाहीत. १९६९ साली आफ्रिकेतील घाना देशात डोळ्यांत रक्त उतरविणारी एक साथ उद्भवली. मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले तेच ते वर्ष. म्हणून लोकांनी तिला 'अपोलो'चे नाव दिले. १९७१ साली ती भारतात पोहोचली, तेव्हा बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाचे दिवस होते, आणि बंगालमध्ये तिला 'जय बांगला' असे नाव पडले.

अशा रोगाच्या डोळ्यांत पाहिल्याने आपले डोळे येतात, ही समजूत निराधार आहे. काळा चष्मा रोग्याला उजेडापासून आराम देतो, एवढाच त्याचा उपयोग. रोग पसरतो तो हातांनी, पंचा-रुमालाने, उशीच्या अभ्र्याने आणि हात लागलेल्या वस्तूंनी. ज्याचा डोळा आला आहे, त्याने तो पुसलेल्या हाताने पेन दिले आणि दुसऱ्याने ते घेऊन आपला डोळा चोळला, की काम झाले. म्हणून साथीच्या दिवसांत साबणाने हात धुणे आणि प्रत्येकाचा रुमाल निराळा असणे, हेच खरे रक्षण. स्राव थांबेपर्यंत मुलाने घरी राहावे आणि त्या गैरहजेरीबद्दल त्याला बोल लावू नये. बहुतेक रुग्ण एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात.

पाण्याची अडचण आपल्या जिल्ह्याला नवी नाही. २०१२-१३ च्या दुष्काळाची झळ जालना जिल्ह्याने फार तीव्रतेने सोसली. तरी हात व तोंड धुण्यास तांब्याभर पाणी पुरे होते, आणि त्या तांब्याभर पाण्याचे मोल मोठे आहे. खुपऱ्या या रोगाने एके काळी देशात असंख्य लोकांची दृष्टी हिरावली. त्याविरुद्ध १९६३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. या यशात औषधांइतकाच वाटा धुतलेल्या तोंडाचा व स्वच्छ परिसराचा आहे.

जेथे क्षणाचाही विलंब नको

काही लाल डोळे ऋतूचे नसतात. मक्याच्या किंवा ज्वारीच्या पात्याचा फटका डोळ्याला बसतो, कुसळ जाते, आणि दोन-चार दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका उमटतो. शेतातील वनस्पतींच्या इजेनंतर बुबुळात बुरशी वाढून जखम चिघळू शकते, आणि बरी झाली तरी मागे 'फूल' राहते. एकच डोळा लाल असणे, खाजेपेक्षा वेदना अधिक असणे, उजेड मुळीच न सोसणे, दिसणे कमी होणे, बुबुळावर पांढरेपणा दिसणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास त्याच दिवशी मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. मध, एरंडेल, कांद्याचा रस, आईचे दूध असले काहीही डोळ्यात घालू नये.

खाण्याचा चुना डोळ्यात उडाला, तर वाहनाची वाट पाहत बसू नये. तेथल्या तेथे पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडावी, दिसणारे कण ओल्या फडक्याच्या टोकाने काढावेत, आणि मग रुग्णालय गाठावे. पहिल्या काही मिनिटांतील पाण्यावर त्या डोळ्याचे भवितव्य ठरते.

दुकानातून आणलेले थेंब

ऋतूच्या त्रासात सर्वांत मोठा धोका कोणता, असे विचारल्यास तो आजाराहून औषधाचाच अधिक आहे, असे म्हणावे लागेल. समजा, तिसरीतील एका मुलाचे डोळे चैत्रात खाजू लागले. वडिलांनी बाजारात जाऊन औषधाच्या दुकानातून थेंबांची एक बाटली आणली. दोन दिवसांत डोळे पांढरे स्वच्छ झाले. घरात त्या बाटलीची कीर्ती झाली. पुढे खाज आली की तेच थेंब, बाटली संपली की तीच दुसरी, असे दोन-तीन वर्षे चालले. मूल तक्रार करीत नाही. डोळे लाल नाहीत. सर्वांना वाटते, विकार आटोक्यात आहे.

अशा बाटलीत पुष्कळदा स्टेरॉइड जातीचे औषध असते. ते दाह चटकन शमविते, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरल्यास उपकारकच आहे. परंतु महिनोन्‌महिने घातल्यास कित्येक मुलांच्या डोळ्यातील दाब वाढतो. त्या दाबाने डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते, हाच काचबिंदू. यात बहुधा वेदना नसते, आणि दृष्टीचा ऱ्हास कडेकडून सुरू होत असल्याने मुलालाही तो उमगत नाही. गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. याच औषधाने लहान वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. तसेच पात्याच्या फटक्याने झालेल्या जखमेत हे थेंब पडल्यास बुरशीला रान मोकळे मिळते.

म्हणून शिक्षकांनी पालकसभेत एक साधी गोष्ट करावी. घरात असलेल्या थेंबांच्या बाटल्या आणावयास सांगाव्यात आणि त्यांवरील नावे वाचून दाखवावीत. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव आढळल्यास ती बाटली डॉक्टरांच्या चालू चिठ्ठीखेरीज वापरू नये, आणि ती दीर्घकाळ वापरात असल्यास मुलाच्या डोळ्यातील दाब तपासून घ्यावा, असे समजावून द्यावे. चिठ्ठीवर लिहून दिलेले औषध मात्र ऐकीव भीतीने मध्येच बंद करू नये. ॲलर्जीवर दीर्घकाळ चालणारी निराळी, अधिक निर्धोक औषधे उपलब्ध आहेत. ती कोणती व किती दिवस, हे तज्ज्ञच ठरवितो.

तक्रार न करणारे मूल

आता दृष्टीच्या मंदपणाकडे वळू. ज्या मुलाला जन्मापासून धूसर दिसते, त्याला जगच तसे आहे असे वाटते. फळ्यावरची अक्षरे इतरांना स्पष्ट दिसतात, हे त्याला ठाऊक नसते. मग ते तक्रार कशाची करणार? ते शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेते, पुस्तक नाकाशी धरते, डोळे बारीक करते, मान तिरकी करते. शिक्षकाला ते अभ्यासात मंद किंवा खोडकर वाटते. उन्हाळ्यात त्याच मुलाने डोळे चोळले, तर ते चोळणे धुळीमुळे, की ताणामुळे, हे केवळ पाहून सांगता येत नाही. ऋतूचा त्रास आणि दृष्टिदोष हे असे एकमेकांना झाकतात.

विलंबाची येथे फार मोठी किंमत पडते. डोळ्याने पाहणे हे मेंदूला शिकावे लागते, आणि हे शिकणे मुख्यतः सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत घडते. एका डोळ्याचा दोष त्या अवधीत दुरुस्त झाला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडून आलेले चित्र सोडून देतो. पुढे चष्मा दिला तरी तो डोळा पुरता उपयोगी पडणे कठीण होते. तिरळेपणाला 'नशिबाची खूण' म्हणून सोडून दिल्यासही हेच घडते. पहिली-दुसरीच्या वर्गांचे शिक्षक या दृष्टीने अत्यंत मोक्याच्या जागी आहेत.

तपासणी कशी करावी

दृष्टी मोजण्याचा तक्ता १८६२ साली नेदरलँड्समधील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी सिद्ध केला. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी इंग्रजी 'ई'च्या आकाराचा, निरनिराळ्या दिशांना तोंड केलेला तक्ता वापरतात. मुलाने बोटांनी दिशा दाखवावयाची असते.

तक्ता भरपूर उजेडात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. बरोबर ६ मीटर अंतर मोजून जमिनीवर खडूने रेघ ओढावी. पावलांनी अंदाज करू नये. प्रथम एक डोळा व नंतर दुसरा, असे निरनिराळे तपासावे. दोन्ही उघडे ठेवून घेतलेली परीक्षा चांगल्या डोळ्याच्या आड दुबळा डोळा लपविते. मुलाने डोळा आपल्याच तळव्याने, न दाबता झाकावा. बोटांच्या फटीतून पाहण्याची मुलांची युक्ती लक्षात असू द्यावी. डोळे बारीक करू देऊ नयेत. चष्मा असल्यास चष्म्यासह तपासावे.

शाळेतील तपासणीत साधारणतः ६/९ ची ओळ कसोटीस धरतात. निकोप डोळ्याला जे ९ मीटरवरून वाचता येते, ते या मुलाला ६ मीटरवरून वाचता यावे, असा तिचा अर्थ. कोणत्याही एका डोळ्याने ही ओळ न वाचता आल्यास नाव नोंदवावे. डोळे लाल असलेल्या मुलाला वेगळे बसवून त्याची तपासणी डोळे निवळल्यावर पुन्हा घ्यावी. डोळे निवळूनही वाचन सुधारले नाही, तर दोष ऋतूचा नव्हता हे उघड होते. याच वेळी पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा करडा डाग दिसतो काय आणि तिन्हीसांजेला मूल अडखळते काय, हेही पाहावे. ही जीवनसत्त्व 'अ'च्या उणिवेची चिन्हे आहेत. शेवग्याचा पाला, पालक, पपई, गाजर, आंबा, अंडी यांतून ते जीवनसत्त्व मिळते. तथापि चिन्हे दिसल्यास आहारावर विसंबून न राहता आरोग्य केंद्रातून औषधी मात्रा घ्यावी.

येथे एक मर्यादा स्पष्ट असावी. शिक्षकाची तपासणी ही चाळणी होय, निदान नव्हे. चाळणीतून निराळे निघालेल्या मुलाला तज्ज्ञाने पाहिलेच पाहिजे. ज्या मुलाचे डोळे दरवर्षी ठरावीक ऋतूत बिघडतात, त्यालाही तक्त्यावरचे वाचन चांगले असले तरी वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. कारण डोळ्यातील दाब आणि बुबुळाचा आकार तक्त्यावर कळत नाही.

चष्म्याविषयीचे गैरसमज

चष्मा लावल्याने क्रमांक वाढतो, असे अनेक पालक मानतात. वस्तुतः मुलाची उंची वाढते तसा डोळाही वाढतो आणि त्यामुळे क्रमांक बदलतो. चष्मा लावला वा न लावला, तरी तो बदलतोच. यासाठी दरवर्षी पुन्हा तपासणी करावी. धुळीच्या भयाने मुलांना घरातच कोंडणेही योग्य नाही, कारण मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टी लागण्याचे प्रमाण कमी आढळते. मुलीला चष्मा लागला तर पुढे स्थळ मिळणार नाही, या भीतीने तो पेटीत ठेवला जातो. मुलग्याला वर्गात 'ढापण्या' म्हणून चिडविले जाते. पहिल्या भीतीचे निराकरण पालकसभेत करावे आणि दुसऱ्या प्रकाराला शिक्षकाने वर्गातच आळा घालावा. चष्मा मिळूनही तो वापरला जात नसेल, तर सारा खटाटोप व्यर्थ होय.

शाळेचे वार्षिक काम

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचा प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. त्याचे आरोग्य पथक शासकीय शाळांतील मुलांना वर्षातून एकदा तपासते, आणि दृष्टिदोष हा त्यात अंतर्भूत आहे. पथकाच्या भेटीपूर्वी शाळेने आपली चाळणी पूर्ण करून यादी तयार ठेवल्यास पथकाचा वेळ खऱ्या गरजू मुलांना मिळतो. भेटीच्या दिवशी गैरहजर असलेली मुले बहुधा ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची असतात. त्यांची नावे वेगळी लिहून ती परतल्यावर तपासावीत. पुढील तपासणी ग्रामीण रुग्णालयात अथवा जालना येथील जिल्हा रुग्णालयात होते, आणि राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत दृष्टिदोष असलेल्या शाळकरी मुलांना चष्मे विनामूल्य देण्याची तरतूद आहे.

वर्षातून दोन वेळा हे काम व्हावे. पहिली फेरी शाळा उघडल्यावर, पावसाळी साथ येण्यापूर्वी; दुसरी माघात, मळणीची धूळ उडण्यापूर्वी. साधन म्हणावे तर एक तक्ता, मोजपट्टी, खडू आणि एक नोंदवही, एवढेच लागते. नोंदवहीत मुलाचे नाव, उजवा डोळा, डावा डोळा, ऋतूतील त्रास, घरी वापरले जाणारे थेंब, कोठे पाठविले आणि काय निष्पन्न झाले, असे रकाने आखावेत.

यांतील शेवटचा रकानाच बहुधा कोरा राहतो. पालकाची एका दिवसाची मजुरी बुडते, एस. टी. चुकते, पेरणी निघते, आणि मूल तसेच राहते. त्यामुळे 'पाठविले' एवढे लिहून वही मिटू नये. त्या नावापुढे 'तपासून आले' असे लिहिता येईपर्यंत त्या मुलाचे काम शिल्लकच आहे, असे समजावे.